नाव नको, काय येतं ते सांग

लिनक्सवर कधी एखादं सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून बांधलं असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं आहे. काळ्या पडद्यावर ओळी सरसर वर सरकत जातात. सी कंपायलर आहे का... आहे. तो चालतो का... चालतो. स्ट्रिंगची हेडर फाइल आहे का... आहे. मधेच एक ओळ येते, तिचं मराठी करायचं तर साधारण असं होईल: बांधकामाची जागा शुद्धीवर आहे का... आहे. तोवर आपण चहा आणायला उठलेले असतो. शेवटी एरर आली नाही, तर वर काय काय येऊन गेलं ते कुणी बघत नाही.

त्या ओळी छापणाऱ्या फाइलचं नाव कॉन्फिगर. मी गेल्या वर्षी अशी एक कॉन्फिगर फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. वीस हजारांच्या वर ओळी होत्या, तीन आठवडे लागले, आणि निम्मा वेळ मेट्रोत उभ्याने मोबाइलवर वाचण्यात गेला. हा लेख म्हणजे त्या वाचनाची समीक्षा आहे. कोडची समीक्षा आम्ही ऑफिसात रोजच करतो, पण तिथे प्रश्न एकच असतो: चालेल का? मला विचारायचं आहे ते वेगळं. हे लेखन म्हणून कसं आहे? ते कुणाशी बोलतं? कुणाला धरून ठेवतं, आणि त्यासाठी काय गमावतं?

वाचायची वेळ का आली, ते आधी सांगते.

एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत आमचं रिपोर्ट काढणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालतं. त्यांच्या डेटाबेसची लायब्ररी जुनी आहे, त्यामुळे ते त्यांच्याच सर्व्हरवर बांधावं लागतं. बांधणारी शेल स्क्रिप्ट माझी. एकशे चाळीस ओळी, नीटनेटकी, वर कॉमेंट वगैरे. माझ्या लॅपटॉपवर चालली, टीममधल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर चालली, तिथे गेली आणि तिसाव्या ओळीवर आडवी झाली. त्या सर्व्हरवर सेंटओएस ७ होतं. संगणक सांभाळणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना काका म्हणते. फोनवर मी जरा चिडूनच म्हटलं, "काका, सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. आता त्याला अपडेट येत नाहीत." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सर्व्हर चालतोय. बंद पडला असता तर बदलला असता. तुमचंच चालत नाहीये."

चूक काय होती ते समजायला थोडं आत जावं लागेल. स्क्रिप्टच्या सुरुवातीला मी एक शिस्तीचा पर्याय लावला होता: ज्या व्हेरिएबलला कधी काही दिलेलंच नाही ते वापरलं गेलं, तर तिथेच थांब. पुढे जादा पर्यायांची एक यादी होती, आणि काकांच्या सर्व्हरवर कुठलाच जादा पर्याय लागत नव्हता, म्हणजे यादी रिकामी. साखर संपलेली असणं आणि घरात साखरेचा डबाच नसणं, यात फरक आहे. बॅश ४.४ ला, म्हणजे २०१६ नंतरच्या बॅशला, हा फरक कळतो. सेंटओएस ७ वरच्या बॅश ४.२ ला कळत नाही. रिकामी यादी उलगडायला सांगितली की ते म्हणतं, अशी यादीच नाही, आणि थांबतं.

इंटरनेटवर उपाय लगेच सापडला. यादी थेट उलगडायची नाही. 'यादीत काही असेल तर ती उलगड, नसेल तर काहीच लिहू नकोस' असं एका विचित्र कंसाकंसांच्या रचनेत लिहायचं. मी ते चिकटवलं आणि कोड लीडकडे पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "ही युक्ती कुठून आली माहीत आहे का? ऑटोकॉन्फच्या मॅन्युअलमधलं पोर्टेबल शेलचं प्रकरण वाच. मग एखादी कॉन्फिगर वाच. मग ठरव, ठेवायची की नाही."

शेल म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा ऐकून ती यंत्राकडून करून घेणारा मध्यस्थ. आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. या मध्यस्थांचा मूळपुरुष म्हणजे बेल लॅब्समध्ये स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल. तो १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. बोर्न यांना अल्गोल ६८ या भाषेचं प्रेम, म्हणून 'इफ' उघडला की तो 'फाय'ने बंद होतो आणि 'केस' उघडली की 'एसॅक'ने: शब्द उलटा केला की दार बंद. त्याच न्यायाने 'डू' बंद करायला 'ओडी' यायला हवं होतं, पण त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीपासूनच होती, म्हणून तिथे 'डन' आलं. मला हे फार आवडतं. पंचेचाळीस वर्षांनंतरही प्रत्येक शेल स्क्रिप्टमध्ये ती एक विसंगती बसलेली आहे, कारण आधी आलेल्याला उठवायचं नाही असं तेव्हा कुणीतरी ठरवलं.

त्यानंतर गोतावळा वाढला. सन, एचपी, आयबीएम, डेक, प्रत्येकाचं युनिक्स वेगळं आणि प्रत्येकाच्या शेलची खोड वेगळी. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं बॅश आलं. १९९२ मध्ये पॉसिक्सने शेल आणि नेहमीच्या आज्ञांसाठी मानक ठरवलं, पण मानक ठरलं म्हणून जुनी यंत्रं घरी जात नाहीत. सोलारिसने आपल्या मुख्य जागेवर जुनाच बोर्न शेल सोलारिस १० पर्यंत सांभाळला. तो २०११ च्या सोलारिस ११ मध्ये बदलला. आज आपण सर्रास वापरतो त्या कितीतरी गोष्टी त्या शेलला येत नाहीत. 'ही आज्ञा फसली तर' हे एका उद्गारचिन्हाने सांगता येत नाही. फाइल अस्तित्वात आहे का, हा सरळ प्रश्न त्याच्या 'टेस्ट'ला विचारता येत नाही. 'सापडलं की नाही तेवढंच सांग, छापू नकोस' असं त्याच्याबरोबरच्या नेहमीच्या ग्रेपला सांगता येत नाही.

डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं ते या गोंधळात. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची बरीच छोटी सॉफ्टवेअर्स ते सांभाळत होते आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या प्रकारच्या युनिक्सवर बांधून दाखवायचं होतं. ऑटोकॉन्फ हे कॉन्फिगर लिहिणारं यंत्र आहे. प्रोग्रॅमर थोडक्यात सांगतो काय काय लागेल, आणि ऑटोकॉन्फ त्याची लांबलचक शेल स्क्रिप्ट करून देतं. ती स्क्रिप्ट सोर्स कोडच्या गठ्ठ्यात, म्हणजे टारबॉलमध्ये, घालून पाठवतात. बांधणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असायची गरज नाही. कुठलाही शेल असला की पुरे.

'कुठलाही' हा शब्द ही फाइल शब्दशः घेते. तिच्या पहिल्या शेकडो ओळींत कामाचं काहीच घडत नाही. पूजेआधी आचमन करावं तसं चाललेलं असतं. मी झेड शेलमध्ये तर नाही ना? असेन तर त्याला जुन्या शेलसारखं वागायला सांगते. कुणी भाषा मराठी किंवा जपानी लावून ठेवली असेल, तर ती आधी साध्या सीवर आणते, म्हणजे अक्षरांचा क्रम बदलायला नको. शब्द कुठे तोडायचे ते चिन्ह कुणी बदलून ठेवलं असेल, ते पूर्ववत करते. 'जागा शुद्धीवर आहे का' ही ओळही गंमत म्हणून लिहिलेली नाही. ती नवी फाइल बनवून बघते की तिच्यावरची वेळ कॉन्फिगरच्या वेळेपेक्षा पुढची आहे ना. यंत्राचं घड्याळ चुकलेलं असेल तर पुढचं सगळंच चुकेल.

पुढे वाचत गेलं की एक अक्षर सतत पायात येतं. एखादी किंमत रिकामी आहे का हे तपासायचं असेल, तर कॉन्फिगर तिच्या आधी एक 'एक्स' लावते आणि दुसऱ्या बाजूलाही 'एक्स' लावते. आधी मला हे अंधश्रद्धेसारखं वाटलं, दारात लिंबू-मिरची टांगल्यासारखं. कारण मॅन्युअलमध्ये कळलं: किंमत स्वतःच उणे चिन्हाने किंवा कंसाने सुरू होत असेल, तर जुन्या 'टेस्ट'चा गोंधळ व्हायचा, त्यांना ती किंमत म्हणजे आज्ञाच वाटायची. पुढे एक्स असला की ती कधीच आज्ञेसारखी दिसत नाही. आज शेल स्क्रिप्टच्या चुका दाखवणारं शेलचेक हे साधन सांगतं की या एक्सची आता गरज उरलेली नाही, काढून टाका. तरीही तो नव्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये दिसतो. लिंबू-मिरची म्हणजे काय ते विसरलेली माणसंही ती टांगत असतात.

आणि मग सापडली माझी युक्ती. मूळ बोर्न शेलमध्ये स्क्रिप्टला एकही शब्द दिला नसेल, आणि 'दिलेले सगळे शब्द पुढे पाठव' असं म्हटलं, तर तो काहीच न पाठवण्याऐवजी एक रिकामा शब्द पाठवायचा. म्हणून लोक लिहायचे: पहिला शब्द असेल तर सगळे पाठव, नसेल तर काहीच पाठवू नकोस. चिन्हांसकट तीच रचना. १९७९ च्या शेलला रिकाम्याचा एक अर्थ लागत होता, २०११ च्या बॅश ४.२ ला दुसरा, दोन्ही चुकीचे, आणि दोघांवर इलाज एकच. मी माझ्या सीटवर बसून खरंच हसले.

आता या लेखनाच्या गाभ्याकडे येते. कॉन्फिगरच्या आधी सर्वसाधारण रीत अशी होती की यंत्राला नाव विचारायचं. तू सन आहेस? मग हे घे. तू एचपी? मग ते. सी प्रोग्रॅममध्ये कंपन्यांच्या नावांच्या अटी ठासून भरलेल्या असत. ऑटोकॉन्फने भूमिका घेतली की नाव विचारायचं नाही, काय येतं ते विचारायचं. तेही ऐकून घ्यायचं नाही, करून बघायचं. एखादं फंक्शन आहे का हे हवं असेल, तर कॉन्फिगर ते वापरणारा चार ओळींचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे लिहिते, कंपाइल करते, जमलं तर 'आहे', नाही जमलं तर 'नाही', आणि पुरावा पुसून पुढे जाते. ज्या यंत्राचं नावही लेखकाने कधी ऐकलेलं नाही, जे त्या वेळी जन्मालाही आलेलं नव्हतं, त्यालाही ही फाइल सामावून घेऊ शकते. १९९५ साली लिहिलेल्या चाचणीला आज खिशातल्या मोबाइलमधल्या प्रोसेसरशी बोलता येतं, कारण ती कुळाची चौकशी करत नाही.

हे वाचत होते त्याच महिन्यात मी पुण्यात खोली शोधत होते. फोनवर पहिला प्रश्न, "नाव काय?" मी नाव सांगते. मग थोडं थांबून, "नाही, पूर्ण नाव." भाडं वेळेवर देता येतं का, नळ नीट बंद करता येतो का, यातलं काही नाही. पूर्ण नाव ऐकून झालं की खोली कालच गेलेली असते. एका शेल स्क्रिप्टला मी गरजेपेक्षा जास्त मोठेपणा देते आहे, हे मला समजतं. पण त्या दिवसांत त्या ओळी माझ्या बाजूने बोलतात असं वाटलं खरं.

नाव विचारल्यावर काय होतं याचं उदाहरण याच फाइलच्या पोटात आहे. ऑटोकॉन्फसोबत लिबटूल नावाचं साधन येतं आणि ते कॉन्फिगरमध्ये आपला मजकूर घालतं. मॅकवर लायब्ररी कशी जोडायची हे ठरवताना लिबटूल भूमिका सोडतं आणि आवृत्तीचा आकडा विचारतं. १०.० पासून १०.२ पर्यंतची मॅक असेल तर जुनी पद्धत, त्यापुढे नवी. हे कसं ओळखायचं? '१०.' नंतर शून्य, एक किंवा दोन असेल आणि पुढे काहीही असेल, तर जुनी. २०१४ मध्ये योसेमिटी आली, आकडा १०.१०. स्क्रिप्टने वाचलं, १० टिंब एक... म्हणजे जुनी. अगदी नव्या मॅकवर दशकापूर्वीच्या पद्धतीने लायब्ररी जोडल्या जाऊ लागल्या. लिबटूलमध्ये दुरुस्ती झाली, पण टारबॉलांमध्ये आधीच जाऊन बसलेल्या कॉन्फिगर फाइलींचं काय? पोथीच्या मूळ प्रतीत चूक सुधारली तरी गावोगाव गेलेल्या नकला तशाच राहतात. होमब्रूच्या लोकांना त्या नकलांना ठिगळं लावत बसावं लागलं. २०२० मध्ये बिग सर आली, आकडा ११, आणि '१०.' ने सुरू होणाऱ्या साच्यात ती बसेना. पुन्हा ठिगळं. जुन्या प्रोग्रॅमांची तारांबळ उडू नये म्हणून बिग सर त्यांना आपला आकडा १०.१६ सांगत असे. खुद्द यंत्रावर खोटं नाव सांगायची पाळी आली.

इथपर्यंत मी या फाइलीची भक्त झाले होते. उरलेल्या दहा हजार ओळींनी ते उतरवलं.

करून बघण्यात एक खोट आहे. करून बघणं फसलं तर का फसलं, हे कॉन्फिगर विचारात घेत नाही. २०२० मध्ये ॲपलच्या एक्सकोड १२ ने एक जुनी ढिलाई बंद केली: फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं, तर आता ती एरर. २०२४ च्या जीसीसी १४ ने तेच केलं. निर्णय योग्यच होता. पण कॉन्फिगरमधले कित्येक जुने चार ओळींचे प्रोग्रॅम त्याच ढिलाईवर लिहिलेले. ते कंपाइल होईनात, आणि कॉन्फिगरने निष्कर्ष काढला की या यंत्राला हे येत नाही. यंत्राला येत होतं. प्रश्नच अशुद्ध भाषेत विचारला होता. पडद्यावर मात्र एक निर्विकार 'नाही' येतं. खरं कारण कॉन्फिग-लॉग नावाच्या फाइलमध्ये असतं आणि ती उघडायची वेळ येते ती सगळं बिघडल्यावर. तोंडी परीक्षेत मुलाला परीक्षकाचा उच्चार कळला नाही म्हणून त्याला विषयच येत नाही असं ठरवावं, तसं हे आहे. मला या लेखनातला हा सर्वात गंभीर दोष वाटतो, कारण तो तिच्या सर्वात चांगल्या गुणाला चिकटलेला आहे.

दुसरा दोष शैलीचा. पर्लचं स्वतःचं वेगळं कॉन्फिगर आहे, लॅरी वॉल यांच्या परंपरेतलं, आजही ऑटोकॉन्फशिवाय चालणारं. ते माणसाशी बोलतं, प्रश्न विचारतं, आणि तुमचं यंत्र युनिस नावाच्या नकली युनिक्सवर चालत नसेल तर तुमचं अभिनंदनही करतं. ती कुणाच्या तरी हाताने लिहिलेली आहे हे जाणवतं. ऑटोकॉन्फच्या कॉन्फिगरला आवाज नाही. एकच तुकडा नाव बदलून पंचवीसदा येतो. ती यंत्राने लिहिली आहे आणि यंत्रासाठी लिहिली आहे, फक्त लिपी तेवढी माणसाची.

ही तक्रार नुसती अभिरुचीची राहिली नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवर काम करणारे इंजिनिअर डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर वेगाची मोजमापं घेत होते. त्यांना दिसलं की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले आणि २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं की एक्सझेड या जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या कॉम्प्रेशनच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, चोरदरवाजा बसवलेला आहे. बसवला कसा? विषारी मजकूर चाचणीसाठी ठेवलेल्या, बिघडलेल्या वाटणाऱ्या फाइलींत दडवलेला. त्याला बाहेर काढणारी ओळ मूळ कोडच्या भांडारात नव्हतीच. ती फक्त टारबॉलमध्ये होती, ऑटोकॉन्फला लागणाऱ्या एका मॅक्रो फाइलमध्ये, आणि तिथून कॉन्फिगरमध्ये उतरलेली. घालणाऱ्याने दोन वर्षांहून जास्त काळ प्रामाणिक मदतनीस म्हणून काम करून विश्वास मिळवला होता. आपला ऐवज लपवायला त्याने जगातल्या सगळ्या कोडमधून जागा निवडली ती ही. त्याला माहीत होतं की हे लेखन कुणी वाचत नाही.

त्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. एक्सझेड बांधायची दुसरी एक पद्धत आहे, सीमेक नावाची. तिच्यात लँडलॉक या सुरक्षेच्या सोयीसाठी एक चाचणी होती, तशीच, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून करून बघणारी. त्या चार ओळींत कुणीतरी एक टिंब घातलं होतं. एकच पूर्णविराम, ओळीच्या सुरुवातीला. त्यामुळे प्रोग्रॅम कुठल्याच यंत्रावर कंपाइल होणार नाही, चाचणी नेहमी 'नाही' सांगणार, आणि सुरक्षा गुपचूप बंद राहणार. 'का नाही' हे न विचारण्याच्या सवयीवर घातलेलं ते टिंब होतं. वर सांगितलेला दोष कुणीतरी माझ्यापेक्षा बारकाईने वाचला होता.

त्या मानाने लीडने सांगितलेलं मॅन्युअलमधलं प्रकरण हे सरळ चांगलं गद्य आहे. त्यात एकेका आज्ञेची, एकेका चिन्हाची नोंद आहे: हे अमुक शेलमध्ये असं वागतं, तमुकमध्ये तसं, म्हणून सगळीकडे चालेल असं हे लिहा. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्या प्रत्येक पानाखाली पाठभेद दिलेले असतात, कुठल्या पोथीत कुठला शब्द आहे ते. हे प्रकरण म्हणजे नुसते पाठभेद, वर श्लोकच नाही. एखाद्या विसरलेल्या शेलची खोड सांगताना लेखकांचा सूर बारीक मिश्कील होतो, तर कुठे त्यांनी तो बग शोधण्यात घालवलेली रात्र दिसते. माझी तक्रार एवढीच की पाठभेदासोबत ती पोथी अजून कुणाच्या घरी आहे का, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलं नाही. इशारे जमत जातात, निवृत्त होत नाहीत. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती २०१२ ची आणि २.७० ही २०२० ची. आठ वर्षं या घरात कुणी माळा साफ करायला चढलं नाही. दरम्यान बाहेर ईग्रेपसारखी जुनी आज्ञाही म्हातारी ठरली. २०२२ पासून ग्नू ग्रेप तिच्या वापरावर ताकीद छापतं, आणि त्या ताकिदी कॉन्फिगर चालवताना पडद्यावर पडतात.

मग जुन्यांना सोडून द्यावं का? माझ्या वयाचे बरेच जण म्हणतात, सरळ बॅश ५ मागा, नसेल त्याने अपडेट करावं. या म्हणण्यात एक गृहीत आहे की जुनं म्हणजे मागे राहिलेलं. आज दुकानातून नवी कोरी मॅकबुक आणा आणि तिच्यातलं बॅश बघा. ३.२, म्हणजे २००६ चं. ॲपलला पुढचं बॅश मिळत नाही असं नाही. बॅश ४ पासून परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा झाला आणि ॲपलने तो घेतला नाही. २०१९ मध्ये त्यांनी नेहमीचा शेल बदलून झेड शेल केला आणि बॅश तिथेच गोठवून ठेवलं. काकांच्या सर्व्हरवरचं बॅश ४.२ हे आमच्या सीईओच्या लॅपटॉपवरच्या बॅशपेक्षा नवं आहे. माझी मूळ स्क्रिप्ट तिथेही पडली असती. आमच्या टीममध्ये कुणाला कळलं नाही, कारण मॅकवाल्या सगळ्यांनी होमब्रूने बॅश ५ घेतलेलं होतं. उलट उबुंटूने २००६ मध्येच साध्या स्क्रिप्टांसाठी बॅश काढून डॅश लावलं, ते वेगवान म्हणून, आणि त्या वर्षी बॅशच्या लाडावलेल्या कितीतरी स्क्रिप्टा नव्याकोऱ्या यंत्रावर कोसळल्या. त्यामुळे जुनं विरुद्ध नवं ही मांडणीच मला पटत नाही. प्रश्न इतकाच उरतो की आपल्या दारात नक्की कोण येतं, आणि ते आपल्याला माहीत आहे का.

कॉन्फिगर म्हणते, कुणीही येऊ शकतं. १९९१ मध्ये ते खरं होतं आणि ते उदार होतं. आज त्याच वाक्याचा अर्थ असा झालाय की कोण येतं हे बघायचा कंटाळा केलाय, म्हणून दार सताड उघडं आहे. जे यंत्र कुठल्या संग्रहालयातही चालू नसेल त्याच्यासाठी लिहिलेल्या हजार ओळी मला औदार्य वाटत नाहीत. त्या ओळींच्या गर्दीत एक परकी ओळ उभी राहू शकते, हे आपण पाहिलं.

मी माझ्या स्क्रिप्टचं काय केलं ते सांगते. चिकटवलेली युक्ती काढली. यादीच काढली. पॉसिक्स शेलमध्ये यादी म्हणून एकच गोष्ट मिळते, स्क्रिप्टला दिलेल्या शब्दांची रांग. तीच रिकामी करून पुन्हा भरली. ती रिकामी असली तरी बॅश ४.२, मॅकचं ३.२ आणि डॅश तिघंही निमूट पुढे जातात. गिटला दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवायचा जो छोटा पर्याय मी वापरला होता, तो सेंटओएस ७ वरच्या गिट १.८.३ ला माहीत नाही, तिथे आधी त्या फोल्डरमध्ये जाऊन मग गिट चालवलं. टारला फाइली नावाने लाव असं सांगितलं होतं, तेही तिथल्या टार १.२६ ला येत नाही, म्हणून आधी यादी क्रमाने लावून मग टारला दिली. प्रत्येक चाचणी फसली की कंपायलर काय म्हणाला ते पडद्यावरच छापायला लावलं, कॉन्फिग-लॉगमध्ये नाही. आमच्या स्वयंचलित बिल्डमध्ये सेंटओएस ७ चा एक कंटेनर कायमचा चालू ठेवला. एकशे चाळीसच्या शहाण्णव ओळी झाल्या. लीडने त्यातल्या दोन ठिकाणी 'हे कुणासाठी?' एवढंच लिहून परत पाठवलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून त्याही काढल्या.

स्क्रिप्टच्या डोक्यावर आता तीन ओळींची कॉमेंट आहे. ही कुठल्या सर्वात जुन्या यंत्रावर चालवून बघितली, ते यंत्र कुणाकडे आहे, आणि ते बदललं की कुठल्या ओळी पुसायच्या. तिसऱ्या ओळीत काकांचं नाव लिहायचा मोह झाला होता, पण पतसंस्थेचं ग्राहक क्रमांक पुरे म्हणून तोच लिहिला. चौथ्यांदा पाठवली तेव्हा ती तिथे चालली. मी फोन केला तर काका जेवायला गेले होते. संध्याकाळी त्यांनी पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. ओळी सरळ खालपर्यंत, शेवटी 'झालं'. खाली त्यांनी लिहिलं होतं: मधल्या नवव्या ओळीत 'नाही' आलंय, ते का?